कोथरूडला राहायला नको म्हणून

यवतमाळची बस सकाळी स्वारगेटला लागली, तेव्हा अमोल माझी बॅग घ्यायला दाराशीच उभा होता. मी दिली नाही. आमची पैज होती. त्याचे बाबा गेल्यापासून मी घरी एकटी असते. ते घर विकून मी त्याच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये यावं, असा त्याने धोशाच लावला होता. शेवटी ठरलं, दोघांनी मिळून अर्धमॅरेथॉन धावायची. मी दिलेल्या वेळेत पुरी केली तर यवतमाळ, नाही तर कोथरूड. जन्मभर मुलींच्या शाळेत पीटी शिकवलेल्या बाईशी अशी पैज लावायला फार धाडस लागतं, नाही तर विसराळूपणा.

दुपारी नंबर घ्यायला गेलो, तर माझं नाव ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर चालण्याच्या यादीत! चिरंजीवांचा कारभार.

"सेफ्टीसाठी गं, आई."

"सेफ्टी तुह्यापाशीच ठेव बाप्पा."

टेबलामागच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, धावणार कोण? आपण की हे?"

"मी."

"मग हे कशाला बोलताहेत?" म्हणत त्यांनी नंबर बदलून दिला. पुणेरी बोलण्याची गोडी मला त्या दिवशी कळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अमोलने पोहे केले. वर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) नाही, उलट साखर! धावायचं होतं म्हणून गप्प खाल्ले.

चांदणी चौकाचा चढ मी बेताने काढला. तिथून खडकवासल्याच्या वाटेला लागलो आणि शहर मागे पडलं. डोंगर, गवत, लांबवर धरणाचं पाणी आणि त्यापलीकडे धुक्यातून डोकं काढलेला सिंहगड. असा रस्ता पायाखाली असला की वय आठवत नाही. एका वस्तीपाशी हंडा घेतलेल्या बाईने विचारलं, "कोन मागं लागलंय व्हय, आज्जी?"

"माझा मुलगा!" मी ओरडले. ते खरंच होतं. अमोल बराच मागे राहिला होता, म्हणून मी वेग कमी केला.

परतीच्या चढावर तो रस्त्याकडेला बसलाच. पोटरीत गोळा आला होता. दिवसभर खुर्ची, रात्री अमेरिकेचे फोन, मग दुसरं काय होणार? मी पोटरी चोळून दिली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "नाही तर हरशील." मी उठले, तसा खाली बघत बोलला, "आई, तू एकटी पडतेस, एकटी पडतेस म्हणायचो ना? ते माझंच होतं. शेजारी कोण राहतं तेही मला माहीत नाही. करमत नाही गं मला इथे."

त्याच्याजवळ बसून रडावंसं वाटलं. पण बसले असते तर हरले असते, आणि हरून त्याच्याकडे गेलेली आई त्याला सांभाळावी लागली असती. मला ते नको होतं.

"ऊठ. चालत ये," मी शाळेतल्या आवाजात म्हटलं आणि धावत सुटले. डोळे पुसायलासुद्धा थांबले नाही.

शर्यत वेळेत पुरी केली आणि रेषेपाशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने अमोल लंगडत आला. घामाने निथळत माझ्या गळ्यात पडला. "जिंकलीस. जा आता यवतमाळला."

"जाऊन राहिली ना," मी म्हणाले. आणि खरंच आले.

घरी येऊन दार उघडलं, अंगण झाडलं, तुळशीला पाणी घातलं. हे घर माझंच राहणार, हे आता पक्कं होतं. मग अमोलला फोन लावला. "घर विकणार नाही. पण पावसाळाभर तिकडे येते. तू मला सांभाळायचं नाहीस, मी तुला सांभाळायला येऊन राहिली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.