झुबेदाच्या खिळ्यावरची किल्ली

आखातात, रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीत एका मजल्यावर सहा फ्लॅट होते आणि सहाही दारं ओढली की आपोआप लागत. आमच्या समोरचं दार झुबेदाचं. तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक खिळा होता आणि त्यावर आमच्या घराची किल्ली टांगलेली असायची. ती किल्ली तिथं होती म्हणून मला नोकरी करता आली, हे आज मी मान्य करते. तेव्हा करत नव्हते.

मुलांच्या शाळेत मुली सकाळी आणि मुलगे दुपारी. शुभ्रा पाऊण वाजता बसमधून उतरायची तेव्हा अंकुर वर्गात बसलेला असायचा. बहीणभावाची गाठ पडायची ती संध्याकाळी, भांडायला. मी बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात साडेतीनपर्यंत. माझे यजमान विजयकुमार रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात; राहायचेही तिथंच, शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी घरी यायचे. त्यामुळे पाऊण ते चार आठ वर्षांची शुभ्रा झुबेदाकडे असायची.

झुबेदा कराचीची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणायची. तिचे यजमान तय्यबभाई, त्यांचं खाली गल्लीत शिवणकामाचं दुकान. बाईचं बोलणं कमी आणि तेही सावकाश. पहिल्याच दिवशी तिनं स्वतःच ठरवून टाकलं की आम्ही हिंदू म्हणजे शाकाहारी. शुभ्रासाठी तिनं वेगळा तवा आणला आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या दांड्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. तिचा उत्साह बघून खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यामुळे शुभ्रा तीन वर्षं झुबेदाकडे शाकाहारी होती आणि आमच्याकडे सुरमई खात होती.

नव्याण्णवच्या मे महिन्यात कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या लिफ्टमध्ये शांतता पसरली. एरवी पाणी गेलं की सगळे मिळून नातुराला, म्हणजे रखवालदाराला, शिव्या घालणारे लोक आता लिफ्टच्या दारावरचे आकडे बघत उभे राहायला लागले. फ्लॅटमध्ये राहण्याची गंमत अशी, की समोरच्या घरात आज कांदा जळला हे कळतं, पण समोरच्या बाईच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. मला तर स्वतःच्या मनातलंही धड कळत नव्हतं. रात्री भांडी घासताना बातम्या ऐकायच्या, वाईट वाटायचं, राग यायचा, आणि तो राग नेमका कुणावर काढायचा ते सुचायचं नाही.

ते सुचवलं चारुदत्त सबनिसांनी. हे आमच्या वरच्या मजल्यावरचे, रोज सकाळी त्यांच्या गाडीतून आम्ही चौघं ऑफिसला जायचो. सबनीस बातमी सांगत नसत, वाढत असत. नको म्हटलं तरी आणखी एक डाव. एक दिवस सिग्नलला त्यांनी विचारलं, "वहिनी, घराची किल्ली तिकडे असते ना तुमची? आजकालच्या दिवसांत?" बस, एवढंच. पुढे ते ट्रॅफिकवर बोलायला लागले, पण ऑफिस येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे तो खिळाच होता.

त्याच संध्याकाळी शुभ्रानं सहज सांगितलं की ती शाळेतून आत आली की झुबेदा आंटी टीव्ही ऑफ करते, मग कार्टून लावते. मी उलटतपासणी घेतली. आधी काय लागलेलं असतं? न्यूज. आंटी काही म्हणते? "नथिंग, आई." माझ्या डोक्यात आलं, ही लपवते काय? एक बाई लहान पोरीसमोर युद्धाच्या बातम्या बंद करते, यातही मला काळंबेरं दिसलं. याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात उभी राहून खोटं बोलले. नातुरानं आमचं लॉक बदललंय, जुन्या किल्ल्या परत मागतोय, आणि शुभ्राही आता मोठी झाली, एकटी राहायची सवय व्हायला हवी. झुबेदानं खिळ्यावरची किल्ली काढून दिली. नवी किल्ली तिनं मागितली नाही आणि मी देते असं म्हटलंही नाही. "ठीक है, छाया. बच्ची का ध्यान रखना," इतकंच ती म्हणाली.

शुभ्राच्या गळ्यात मी किल्ली रिबिनीत अडकवली. बजावलं, की सरळ घरी यायचं, दार लावायचं, आंटीकडे जायचं नाही. का, ते सांगितलं नाही. रोज एक वाजता ऑफिसातून फोन करायचा, तिनं उचलला की जीव भांड्यात पडायचा. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी फोन नुसता वाजत राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा केला, पुन्हा तेच. झुबेदाचा नंबर मला पाठ होता. तो मी फिरवला नाही. कुठल्या तोंडानं फिरवणार होते? मॅनेजरला काहीबाही सांगून टॅक्सी पकडली.

घरी पोचले तर शुभ्रा सोफ्यावर, पाय वर घेऊन, डोळे सुजलेले. झालं होतं ते असं. मुंग्या येतात म्हणून ती कलिंगडाच्या साली टाकायला पॅसेजच्या टोकाला कचऱ्याच्या खोलीत गेली. एसीच्या वाऱ्यानं दार मागं ओढलं गेलं आणि लागलं. किल्लीची रिबीन आत, युनिफॉर्मबरोबर काढून ठेवलेली. जूनची दुपार, पॅसेजला एसी नाही. समोर चार पावलांवर झुबेदाचं दार, आणि माझी आज्ञाधारक मुलगी ते न वाजवता अनवाणी जिन्यावर रडत बसली, अर्धा तास.

झुबेदा बाहेर आली ती कचरा टाकायला. तिनं आत बोलावलं तर शुभ्रा म्हणाली, "आई सेड नॉट टू कम टु युअर हाऊस." हे शुभ्रानंच मला सांगितलं, निरागसपणे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झुबेदानं मग तिला स्वतःच्या चपला दिल्या, थंड पाणी पाजलं आणि आमच्या दाराशी वाकून लॉक पाहिलं. त्याच्या पितळेवर अंकुरनं मागे कर्कटकानं काढलेला ओरखडा तसाच होता. ती घरात गेली, बटणांच्या डब्यातून एक किल्ली शोधून आणली आणि दार उघडलं. अंकुरनं गेल्या वर्षी किल्ली हरवली होती, तेव्हा तिनंच एक जास्तीची करून ठेवली होती आणि विसरली होती.

ती चार वाजता आली, माझी नेहमीची घरी यायची वेळ बघून. किल्ली माझ्या हातावर ठेवली. "ये भी रह गई थी."

मी म्हटलं, "आपा, राहू... रहने दीजिये ना, आपके पास."

"नहीं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "जब सच में ताला बदलो, तब उसकी चाबी देना."

त्या रात्री बातम्या लावल्या नाहीत. सबनिसांना दोष द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण त्यांनी नुसतं विचारलं होतं, खिळ्यावरची किल्ली मागून आणली होती मी.

सकाळी सुट्टी टाकली, रोल्ला बाजारातून कारागीर आणला आणि चांगलं चालतं लॉक काढून नवं बसवलं. नातूर कपाळाला हात लावून बघत होता. पाऊण वाजता शुभ्राला बसपाशी घेतलं आणि तिचा हात धरून समोरची बेल वाजवली. झुबेदानं दार उघडलं. मी नवी किल्ली तिच्यापुढे धरली.

"नातूर ने बदला?" तिनं विचारलं.

"नहीं आपा. मैंने बदला."

तिनं किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि आत जाऊन खिळ्याला अडकवली. आम्ही दोघी मागोमाग स्वयंपाकघरात. शुभ्रा किल्लीकडे बघत होती, मग माझ्याकडे. "बट आई, द ओल्ड लॉक वॉज वर्किंग, ना?"

झुबेदानं लाल ठिपक्याचा तवा गॅसवर ठेवला.

"नहीं बेटा," ती म्हणाली, "खराब हो गया था."