बुढीच्या गोवऱ्या

बुढी शेणाचा गोळा आधी हातात तोलायची आणि मग भिंतीवर असा हाणायची, जशी कोणाच्या तोंडातच देऊन राहिली. वर म्हणायची, "खाय आता कापूस."

हे कोणाला, ते गावाला ठाऊक होतं. तिच्या पोराला. तुम्ही ते दिवस पाहिले नसतील. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आणि आमच्या तेल्हाऱ्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्यांना धोतर धड नेसता येत नव्हतं, ते जरीचे फेटे बांधून अकोल्याला जाऊ लागले. बुढीचा पोरगा त्यात पहिला. त्यानं ज्वारी बंद करून सगळ्या वावरात कापूस पेरला. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून ढोरं विकली. रिकाम्या गोठ्यात कापूस भरला आणि दलालांना दिसावं म्हणून भिंतीला चुना दिला.

दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या भिंतीवर गोवऱ्यांच्या चार रांगा. कापसाच्या गाड्यांमागं टोपली घेऊन फिरत बुढीनं बैलांचं शेण गोळा केलं होतं.

"माय, लोक काय म्हनतीन?" पोरगा नाकाला उपरणं लावून म्हणाला.

"म्हनतीन, भिंत आता कामाची झाली."

वाळलेल्या गोवऱ्या ती शेजारी माझ्या छपरीत रचायची. पोराच्या घरात त्यांना जागा नव्हती. "माह्या मौतीच्या हायेत, हात नोको लावू. त्याच्या भरोशावर राहिली त मले कापसात जाळन तो." थट्टा नव्हती ती. सासू, नवरा, सगळे घरच्या गोवऱ्यांवर गेले. आपणही तसंच जावं, एवढीच तिची इच्छा होती.

आषाढात पावसाची झड लागली आणि माझी बायको बाळंत झाली. पोराचं पाहून गावानंही ढोरं विकलेली, तर शेकायला गोवरी कुठली? मीही शहाणा, वावराच्या धुऱ्यापर्यंत कापूसच पेरून बसलो होतो. बुढी आली. माझ्याकडं पाहून म्हणाली, "खाय आता कापूस." मग छपरीतल्या गोवऱ्या आणून स्वतःच्या हातानं शेगडीत फोडून घातल्या.

"बुढे माय, त्या तुह्या मौतीच्या हायेत."

"मी काय आजच मरून राहिली? लेकरू गार पडून राहिलं, ते पाह्य."

सव्वा महिना शेक चालला. पोरगी जगली. बुढी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली, आणि झड अजून उघडली नव्हती.

पोरानं गाडाभर सागाची लाकडं आणली, लोकांनी पाहत राहावं अशी. सगळी ओली. नुसता धूर झाला, जाळ काही धरेना. शेवटी भाव चढेल म्हणून दाबून ठेवलेला कापूस त्यानं घरून आणवला आणि रडत रडत मुठीमुठीनं लाकडांत कोंबू लागला.

माझ्याजवळ शेकातून उरलेली एक गोवरी होती, तीही अर्धी. निघताना बायकोनं पदराखालून काढून दिलेली. चारचौघांत ती पुढं करायची मला लाज वाटत होती. तरी मी गेलो आणि बुढीच्या छातीवर ठेवली. बाकी सगळा कापूसच होता.