सावड

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले. तिथे मदत म्हणजे मदत. केली, झाली, विसरून गेलो. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवर शाळेत लागले, तेव्हा मदतीलाही हिशेब असतो हे मला ठाऊक नव्हतं. स्वभाव तापट, तोंड फाटकं. पोरं माझ्यामागे मला मिरची मॅडम म्हणतात, आणि तसं म्हणणाऱ्याला मी आवाजावरून ओळखते.

सातवीत एक मुलगी होती. तिची आई कमरेखाली लुळी पडली होती. बाप रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे, शिफ्टवर. आईला कुशीवर वळवणं, तिचं अंग पुसणं, बेडपॅन, भाकरी, सगळं या पोरीकडे. आठवड्यातून एखादा दिवस ती शाळेत यायची आणि यायची ती ओल्या केसांनी, धापा टाकत. दुपारच्या सुट्टीत घरी पळायची, ती परत येतच नसे. तरी परिच्छेद वाचायला उभी राहिली की सगळा वर्ग गप्प व्हायचा.

मी तिच्या घरी गेले. बापाला झापलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मी घरी बसलो तर खायाचं काय?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी शेजारच्या काकूंना म्हटलं, तुम्ही बायका आळीपाळीने दुपारभर हिच्या आईकडे बघाल का? काकू लगेच म्हणाल्या, "बघू की. त्यात काय एवढं. सावडीनं बघू."

मी खूश झाले. सावड म्हणजे एकमेकींना धरून राहणं, एवढंच मला कळलं होतं. मुलगी रोज येऊ लागली. वेणी घालून, दप्तर भरून. डबासुद्धा शाळेतच खायची. त्या दिवसांत मी घरी जाताना स्कूटीवर गाणी म्हणायचे, हे सांगायला मला आज लाज वाटते.

मग कांद्याच्या लागणी सुरू झाल्या आणि मुलगी यायची बंद झाली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठवडा गेला. निरोप पाठवला तर उत्तर आलं, "ती सावड फेडती."

तेव्हा कुठे मी विचारलं, सावड म्हणजे नेमकं काय. आज मी तुझ्या वावरात राबले, उद्या तू माझ्या वावरात राबायचं. पैसा मध्ये येत नाही, पण दिवसाला दिवस फेडायचा असतो. बायकांनी आईजवळ दिवस घातले होते. कांदे लावायचं काम बायकांचं, तिथे बाप चालत नाही. आई उठू शकत नाही. राहिलं कोण?

मला संतापाने रडू आलं. कोणावर चिडणार? कोणीही लबाडी केली नव्हती. पोरीला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं, तेही सगळ्यांनी मिळून, चांगल्या मनाने. मी वर्गाला गणितं घालून दिली आणि स्कूटी काढली.

बायका ओळीने वाफ्यात वाकलेल्या होत्या; आईजवळ बसायची पाळी असलेली तेवढी एक घरी होती. त्यांच्यात ती होती, चिखलात घोट्यापर्यंत. मी बांधावरूनच ओरडले, "हिला सोडा! हिचं वय काय, हे काम काय!"

काकू उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. "मॅडम, आम्ही न्हाई बोलावली तिला. तिच्या आईनंच धाडली. म्हणली, माझ्या अंगावर कुणाची सावड नको. पडून हाय, पण फुकटी न्हाई. आता तिला माघारी धाडली तर त्या बाईला काय वाटंल?"

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि वाफ्यात उतरले. "मग हिच्या जागी मी लावते. हिची सावड मी फेडते."

बायका हसू लागल्या. कुचकट हसू नव्हतं ते, मायेचं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. काकू म्हणाल्या, "आवो, मंग तुमची सावड त्या पोरीवर चढंल. ती कवा फेडायची? आन् कशानं? तुमच्या वर्गावर उभी ऱ्हाऊन?"

मी ऐकलं नाही. मूठभर रोपं उचलली आणि चिखलात खुपसत सुटले. कशी लावत होते देव जाणे. डोळ्यांत पाणी, पुढचं काही दिसत नव्हतं. कोणीतरी माझ्या हातातली रोपं हलकेच काढून घेतली. तीच होती.

"मॅडम, मुळ्या तुटत्यात," ती म्हणाली. मी लावलेली रोपं तिने एकेक उपटली आणि पुन्हा नीट लावली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आपल्या वर्गावर कोण हाय आत्ता?"

"कोणी नाही."

तिने पुढचं रोप लावलं, अंगठ्याने माती दाबली.

"मंग जावा की तुम्ही. माझ्यापायी सगळ्यांचीच शाळा नका बुडवू."