मे महिन्यात धरणात होडी उतरवायची असेल तर

उतरवू नका. ज्यांना एवढाच सल्ला हवा होता त्यांनी इथेच थांबून आंबे खायला जावं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

सगळ्याला जबाबदार माझा मधूमामा. मामा काल्हेरचा. आजोबा खाडीत होडी घालायचे, लहानपणी मामाही त्यांच्यासोबत जायचा. आता खाडीच्या पाण्याचा रंग विचारू नका आणि घरच्या शेतावर गोडाऊनं उभी आहेत. मामाची ड्युटी म्हणजे सकाळी गेटवर खुर्ची टाकून बसायचं आणि रिव्हर्स येणाऱ्या ट्रककडे बघून "आने दे, आने दे" ओरडायचं. ड्रायव्हर ऐकत नाही ते वेगळं.

मामाच्या मुलीचं, रोशनीचं लग्न ठरलं उरणकडे. सासरचे पिढीजात मासेमारीवाले. सुपारीच्या दिवशी विहीणबाईंनी ताटातली सुरमई बोटाने दाबून बघितली आणि भर पंगतीत बोलल्या, "बर्फातली हाय वाटतं. काल्हेरवाल्यांनी खाडी सोडली, ती चवपन सोडली काय?"

मामा उठला. "येत्या रविवारी जेवायला या. माज्या हातानं धरलेली मासळी वाडीन. नायतर नावाचा मधू नाय."

अख्ख्या गावकीने ऐकलं. आता मागे फिरणं म्हणजे गावात रोज कुणीतरी "काय मधू, बर्फ हाय का बर्फ?" विचारणार, आणि रोशनी सासरी आयुष्यभर बर्फवाल्याची पोरगी. दुसऱ्या दिवशी मामाने एक सेकंडहँड फायबरची होडी आणली, इंजिनासकट, ट्रॉलीसकट. निळी. खाडीत धरलेलं आता कुणी खात नाही, म्हणून शहापूरच्या पुढच्या एका धरणावर जायचं ठरलं. मी नारपोलीत घरी बसून पंख्याकडे बघत होते. मामाचा फोन आला, "तू लिवतंस ना? मग चल, लिव." मी निघाले.

शुक्रवार

बोलेरो रोशनी चालवत होती. मामा शेजारी बसून "आने दे" करत होता. माणकोलीवरून नाशिक हायवे पकडला. मागे होडी लावली असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: खड्डा पुढच्या चाकाला एकदा आणि होडीला पुन्हा लागतो. आणि प्रत्येक ट्रकवाला खिडकीतून मान काढून विचारतोच, "बाढ़ आनेवाली है क्या?" टोलनाक्यावरच्या पोराने होडीभोवती एक चक्कर मारली, तिला किती चाकं आहेत ते मोजलं आणि बहुतेक घाबरून आम्हाला सोडून दिलं. पडघ्याला मिसळ खाल्ली. ठीक होती. तर्री मागितली तर जास्त देतात, पाव मागितला तर तोंड वाकडं करतात.

धरणावर पोहोचेपर्यंत ऊन चढलं. मासेमारीची एक दिवसाची पावती आधी गावातल्या संस्थेत फाडून घ्या, नंतर शोधत बसावं लागतं. पावतीवाल्या काकांनी होडीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "उतरवणार कुठं?"

"पान्यात," मामा म्हणाला.

"सापडलं तर सांगा."

धरणाला सिमेंटचा उतार आहे. नेटवर त्याचे फोटो आहेत, खाली निळं पाणी, कुणीतरी दोन्ही हात पसरून उभं. ते फोटो दिवाळीतले. मे महिन्यात तो उतार जिथे संपतो तिथून पुढे भेगा पडलेली माती, मग हिरवळ, मग ओला गाळ, आणि पार तिकडे, कुणीतरी ताटात थोडं वरण उरवावं तसं पाणी.

रोशनीने ब्रेक मारला. मामा म्हणाला, "घे पुढं. हिरवं हाय म्हंजे जमीन घट्ट."

ते हिरवं म्हणजे काकडीचे वेल होते. पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळात इथली माणसं काकडी-कलिंगड लावतात, पावसाआधी काढून घेतात. हे आम्हाला ताराबाईंनी सांगितलं. सांगितलं म्हणजे, हातात कोयता घेऊन धावत येऊन सांगितलं.

"ए गाडीवाली! डोळं घरी ठिवलं का? ही वाट न्हाय, माजी काकडी हाय!"

"आमाला होडी घालायचीय," मामा खिडकीतून.

ताराबाई थांबल्या. होडीकडे नीट बघितलं. मग मागे वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, या हिकडं! ह्ये बगा, काकडीत होडी घालाया आलेत!"

तुडवलेल्या वेलांची भरपाई म्हणून आम्ही त्यांची टोपलीभर काकडी विकत घेतली. त्यांनी भाव शहराचा लावला आणि वर म्हणाल्या, "गोड हाय. चाकाखाली आलेली जास्ती गोड." वेलांच्या कडेकडेने गाडी गाळापर्यंत गेली. मग ताराबाईंचा नवरा, दीर आणि आम्ही तिघं, असं मिळून होडी ढकलत, बांबूंवरून घसरवत पाण्याच्या तोंडाशी आणली. संध्याकाळ झाली होती. नुसतं टोक पाण्याला टेकलं होतं.

"अजून थोडं ढकलू," मी म्हणाले.

"कशाला घाम काडतंस गो?" मामाने नांगर गाळात रोवला, दोर बांधला, हात झटकले. "सकाळी पानी आपसूक खाली येल. आपुन चढायचं फकस्त."

इतक्या विश्वासाने बोलला की कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होडी अशीच ठेवतात: ओहोटीला चिखलात टेकवायची, जेवायला जायचं, भरती येऊन उचलते. आम्ही गावातल्या एका घरी राहिलो. जेवण चांगलं, चुलीवरची भाकरी, पांघरूण आपलं न्या.

शनिवार

सकाळी होडी होती तिथेच होती. पाणी मात्र निघून गेलं होतं. होडी एका कुशीवर कलंडून, चिखलात, म्हशीसारखी निवांत.

मामा काठावर उभा राहून आभाळाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो तिथी मोजतोय.

"पप्पा," रोशनी हळूच म्हणाली, "धरण आहे."

"मग?"

"धरणाला भरती नसते."

मामाने तिच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. मला वाटतं त्याच्या डोक्याला हे आधीपासून ठाऊक होतं, हातांना कुणी सांगितलं नव्हतं. ताराबाई तोपर्यंत डोक्यावर पाटी घेऊन आल्याच होत्या.

"रातीला कालव्याला सोडलं पानी. कशाची वाट बगता?"

"भरतीची," मी म्हणाले. खोटं कशाला बोला.

त्या बाई पाटी खाली ठेवून हसल्या. बसून हसल्या. "आवो, हितं भरती येती जूनात! थांबा मंग, काकडी खा तवर!"

मामाने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि चिखलात उतरला. गुडघ्यापर्यंत पुरलं नाही. तो मांडीपर्यंत गेला. गाळ पायातली चप्पल काढून घेतो आणि परत देत नाही, हे नोंदवून ठेवा. पुन्हा तेच बांबू, तीच माणसं, त्यात रोशनीच्या नवीन नेलपॉलिशचा बळी. दुपारच्या आत होडी तरंगली. मामाने इंजिन सुरू केलं. पात्याने खालचा गाळ उडवला, एका बुडालेल्या बुंध्याला टक्कर दिली आणि ते बंद पडलं. मग वल्ही. वल्ही मारताना मात्र मामा एकदम वेगळा माणूस दिसत होता, पाठ सरळ, तोंड बंद. मी फोटो काढला नाही, मोबाईल चिखलात होता.

जाळ्यात चिलापी आल्या. तळहाताएवढ्या, काळपट, काटेरी. मामा त्यांच्याकडे बघत बसला. "यांना मासळी बोलायचं का गो?"

परत आलो तर पाणी आणखी उतरलेलं. होडी उतरवणं एकवेळ जमतं, मे महिन्यात ती वर काढणं जमत नाही. ताराबाईंचा नवरा आणि दीर हात वर करून घरी गेले होते. होडी तिथेच ठेवून आलो. निघताना ताराबाईंनी विचारलं, "हिच्यात काकडी ठिवू का? सावली बरी पडंल." मामा नांगराचा दोर पुन्हा घट्ट करत राहिला. त्यांनी तो होकार धरला.

रविवार, काल्हेर

विहीणबाई मुलासोबत, म्हणजे मामाच्या होणाऱ्या जावयासोबत, वेळेवर आल्या. मामीने चिलापीचं कालवण केलं होतं, हळद-मिरचीत सगळं लपवायचा प्रयत्न केलेला. मामा स्वतः वाढायला उभा राहिला, नखांत अजून गाळ.

विहीणबाईंनी पहिला घास घेतला. चावला. "माती लागतंय."

मामाची मान खाली गेली. ओटीवरचे शेजारी उगाच पाणी प्यायला लागले.

तेवढ्यात रोशनी सोलकढीचा पेला ठेवत अगदी साधेपणाने म्हणाली, "आई, तुमची होडी आता कुठल्या बंदरात असते?"

जावयाने ताटात डोकं घातलं.

"इकली," विहीणबाई म्हणाल्या. मग पेला बाजूला सरकवत, "लई वर्सं झाली. हा कंटेनरच्या यार्डात हाय. मासळी आमीपन बाजारातूनच आनतो." आणि मग, मामाकडे न बघता, "तुमची हाय ना होडी?"

"हाय," मामा म्हणाला. "चिखलात हाय. पन हाय."

विहीणबाईंनी चिलापीचा काटा अंगठ्याने सफाईत बाजूला काढला आणि ताट पुढे केलं. "शेपटीकडची वाडा. तिकडं माती कमी आसल."

नंतर मोरीवर भांडी विसळताना मी रोशनीला विचारलं, तुला त्यांनी होडी विकल्याचं आधीपासून माहीत होतं?

"सुपारीच्या आधीपासून."

"मग मामाला सांगायचं ना! इतका चिखल वाचला असता."

"पप्पा इतक्या वर्षांनी गेटवरच्या खुर्चीतून उठले होते," ती म्हणाली आणि नखांतला गाळ काडीने काढत बसली.