ताटावर आडवा हात

मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कुणीतरी मला समजूतदार वगैरे समजायचं.

वडिवळ्याच्या पुढे एका वाडीवर आमची दोन शिक्षिकांची शाळा आहे. पहिली आणि तिसरी माझ्याकडे, दुसरी आणि चौथी दुसऱ्या बाईंकडे. माझ्या लेकीला मी याच शाळेत घातलं, तेव्हा कामशेतमधल्या शेजारणींनी नाकं मुरडली होती. मी लक्ष दिलं नाही. पहिलीत तिला मी स्वतः शिकवणार होते. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियमही मीच घातला आणि ती तो रोज मोडायची. "आई, हेवी म्हणजे जड ना?" असं भर वर्गात विचारायची. पोरं हसायची, मी वरवर रागवायचे आणि आतून मला फार बरं वाटायचं.

इंग्रजी शब्दांचे अर्थ ही माझी खासियत. फळ्यावर शब्द, त्यापुढे मराठी अर्थ आणि मग सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. एम्प्टी म्हणजे रिकामा, हेवी म्हणजे जड. आमचा आवाज खाली भातखाचरांपर्यंत जायचा. केंद्रप्रमुखांनीसुद्धा एकदा थांबून ऐकलं होतं.

लेक दुसरीत गेली आणि त्याच जूनमध्ये दुसऱ्या बाईंच्या जागी नव्या बाई आल्या. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. घोरावाडीला लोकल पकडून कामशेतला उतरायच्या आणि तिथून पुढे माझ्या स्कूटरवर. ही सोय मीच सुचवली होती, माझी अक्कल! लेक आधी पुढे, हँडलला धरून उभी राहायची. आठवड्याभरात तिला मध्ये बसायचं होतं, आणि मध्ये बसूनही मान सगळा वेळ मागे वळलेली. मी खड्डे चुकवायचे आणि माझ्या पाठीमागे दोघींची खुसुरपुसुर चालायची.

या बाई शब्दाचा अर्थ सांगतच नसत. 'हेवी' आला की पोरांना तांदळाचं पोतं उचलायला लावायच्या. 'एम्प्टी'साठी तर भरलेला माठच रिकामा केला. तो परत भरायला गेली माझ्या तिसरीतली पोरं.

आणि मग 'इनफ'. मी वर्षानुवर्षं शिकवत आले, इनफ म्हणजे पुरेसा. बाईंनी काय करावं? दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या हातातून पळी घेतली आणि वाढत सुटल्या. जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरून 'इनफ' म्हटल्याशिवाय थांबायचंच नाही. त्या दिवशी ताटांबाहेर खिचडी सांडली. दुसऱ्या दिवशी माझ्या पहिलीतली चिमुरडी पोरंसुद्धा हात आडवे धरून ओरडायला लागली. कुणी चुकून बास म्हटलं तर शेजारचा दटावायचा, "बास न्हाई, इनफ म्हन!" माझा 'पुरेसा' मात्र फळ्याखेरीज कुठे दिसला नव्हता.

घरीही तेच. मी थापलेली भाकरी, मी वाढायला घेतली, तर लेकीने हात आडवा धरला. "इनफ." नवरा कौतुकाने बघतच राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"इनफ म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे असं." तिने हात दाखवला.

"ते नको. अर्थ सांग."

"हाच अर्थ आहे गं!"

पुढे ती शब्द घेऊन माझ्याकडे येईनाशी झाली. गृहपाठात काही अडलं की म्हणायची, उद्या बाईंना विचारते. मी तिथेच, हातभर अंतरावर मेथी निवडत बसलेली असायचे. शाळेत मला आई म्हणण्याची चूकही दुसरीत गेल्यापासून तिच्याकडून एकदाही झाली नाही. नियम एकदाचा पाळला जात होता, तर मला रडू यायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंची बदली झाली, त्यांच्या घराजवळच. मी तोंडाने अरेरे म्हटलं. खरं सांगते, त्या दिवशी मी संध्याकाळी श्रीखंड आणलं. नवीन कुणी येईपर्यंत चारही वर्ग माझ्याकडे येणार होते आणि त्यात माझी लेकही. निरोपाच्या दिवशी पोरं रडरड रडली. कामशेत स्टेशनवर लेकीने बाईंच्या कमरेला मिठी मारली ती लोकल येईपर्यंत सोडली नाही. मी स्कूटरचा आरसा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती पुढे उभी राहिली नाही. मागे बसली, तीही सीटच्या पार टोकाला, बाई बसायच्या तिथे. मधली जागा तिने रिकामी ठेवली.

दुपारी पोरं म्हणाली, "बाई, तुमी वाढा की!" मी पदर खोचला आणि मावशींकडून पळी घेतली. मला एवढंच हवं होतं, की तो शब्द लेकीने आता मला म्हणावा. ओळीने इनफ, इनफ ऐकत मी तिच्यापर्यंत पोचले. एक पळी वाढली आणि थांबले. ती ताटाकडे बघत राहिली. आणखी एक वाढली. हात मांडीवरच. मीही हट्टाला पेटले आणि वाढत राहिले. ताटात ढीग झाला, कडेने खिचडी फरशीवर घसरली. पोरं माना उंचावून बघायला लागली.

"इनफ म्हन की गं!" कुणीतरी ओरडलं.

तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. शेवटी मीच वाकून तिच्या ताटावर हात आडवा धरला. खिचडीची गरम वाफ तळव्याला लागली.

"इनफ," मी म्हणाले.

तिच्या शेजारी बसलेली पहिलीची पोर माझ्याकडे बघून खुदकन हसली. "बाई, वाढनारानं न्हाई म्हनायचं. जेवनारानं म्हनायचं असतं."

तेव्हा कुठे लेकीने मान वर केली.

"तिचं बरोबर आहे, बाई," ती म्हणाली.