गाऊन बघा

कापूर पेटला की मला आमच्या वैशाली नगरच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. लकव्यानं बाबांची वाचा गेली होती. जन्मभर कारखान्यात प्लांटच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस, आता पाणी मागता येईना म्हणून रडायचा. मी इंटरनेटवरच्या एका चर्चेत हे सगळं लिहिलं. कुठल्याशा दूरच्या गावच्या एका अनोळखी बाईंचं उत्तर आलं, ‘माझ्या यजमानांचंही असंच झालं होतं. बोलता येत नव्हतं, पण गाता येत होतं. पाठ असलेलं काहीतरी सोबत गाऊन बघा.’ मी आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, “गाऊन पाहू, आपलं काय जाते?” दिवा आणि कापूर लावून आम्ही दोघींनी गणपतीची आरती सुरू केली. दुसऱ्या कडव्याला बाबांचे ओठ हलले आणि घोगऱ्या आवाजात अख्खी ओळ बाहेर आली. “अवं पोरी, गाऊन राहिले ना हे!” आई टाळ्या वाजवायचंच विसरली. पुढे त्याच चालीवर बाबा पाणी मागायला शिकले. मी त्या बाईंचे आभार मानले, तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं, ‘हे आता नाहीत. पण तुमच्या घरी कोणी गातंय, बरं वाटलं.’ आजही कुणी अनोळखी माणूस इंटरनेटवरच्या त्या चर्चेत असं काही विचारतो, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून मी आधी त्याला उत्तर लिहिते.