ताईंची अर्धी गाठ

ताईंच्या हाताखाली काम करणं फार सोपं होतं, कारण काही करावंच लागत नसे. लिफ्ट बंद पडल्याचा फोन आला की त्या आपल्या तिघा मदतनिसांना घेऊन गाडीत बसायच्या, पोचेपर्यंत कोणी काय करायचं ते वाटून द्यायच्या, आणि पहिला स्क्रू सुटतो न सुटतो तोच ‘आण इकडे तो पाना’ म्हणत स्वतः पुढे सरसावायच्या. माघारी त्यांचं नावच पाना पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

घरी काही वेगळं नव्हतं. नवऱ्याने चहा ठेवला की या येऊन गॅस बारीक करणार, लेकीने स्वतः घातलेली वेणी सोडून पुन्हा घालणार. नवरा लेकीला म्हणायचा, ‘तुझी आई स्वर्गात गेली ना, तर आधी तिथलं दार काढून नीट बसवेल.’

तरी ताईंनी हात लावलेली लिफ्ट महिन्याभरात पुन्हा बंद पडली, असं बावीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. म्हणून साहेबांनी केबिनमध्ये बोलावून तीन कागद पुढे सरकवले तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. तिघांनीही बदली मागितली होती. लांबूने घर लांब पडतं असं लिहिलं होतं. मास्तर, ज्याला कुठलीही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नसे, त्याने दीड पान लिहिलं होतं. आणि सायलेन्सर! दिवसाला दहा शब्द बोलणारी ती मुलगी. तिने एकच ओळ लिहिली होती: ‘चार वर्षं झाली, मी अजून लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरले नाही.’

‘रविवारी सगळ्यांना कड्यावर नेतोय,’ साहेब म्हणाले. ‘चढा, एकमेकांचे दोर धरा, बोला जरा. सोमवारीही हे कागद माझ्या टेबलावर असले तर मी सही करणार. मग तुम्ही ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचे.’

फोन! त्यापेक्षा साहेबांनी सरळ घरी बसवलं असतं तरी चाललं असतं. त्या रात्री ताई जेवल्याच नाहीत.

कडा काही आभाळाला टेकलेला नव्हता. तीनमजली इमारतीएवढा असेल, पण खालून बघितला की सहामजली वाटायचा. शिकवायला एक काटक, पांढऱ्या मिश्यांचे काका होते. दोर माथ्यावरच्या लोखंडी कडीतून ओवून खाली सोडलेला. एका टोकाला चढणारा, दुसरं टोक खालच्या माणसाच्या हाती. ‘दोरात आधी आठ काढायचा,’ काकांनी दाखवलं, ‘टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवायचं आणि त्याच आठाच्या वाटेने उलट फिरवत आणायचं. मग जोडीदाराने गाठ बघायची. फक्त बघायची! हात पाठीमागे.’

आता हात पाठीमागे ठेवणं आणि ताई, हे जमणार कसं? त्यांनी स्वतःचं टोक पट्ट्यातून ओवलं आणि तेवढ्यात शेजारच्या दोरावर लांबूची गाठ त्यांच्या नजरेस पडली. झालं! हातातलं टाकून त्या धावल्या, लांबूची गाठ सोडली, परत बांधली. मग मास्तरची. दोन्ही गाठी मुळात बरोबर होत्या. परत येऊन बघतात तर त्यांचा दोर धरायला सायलेन्सर उभी.

‘ताई, तुमची गाठ बघू?’

‘माझी काय बघतेस!’ म्हणून त्यांनी खडकावर पाय ठेवलासुद्धा.

दोन पावलं चढल्या असतील नसतील.

‘खाली या.’

ताईंनी मान वळवली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे चार वर्षांत कुणाला माहीत नव्हतं.

‘अगं, पण...’

‘खाली या म्हणते ना! आधी या.’

ताई उतरल्या आणि त्यांनी कमरेकडे पाहिलं. टोक पट्ट्यातून नुसतं लोंबत होतं. उलट फिरवायचंच राहून गेलं होतं. वर जाऊन हात सुटला असता तर दोर सर्रकन निघून आला असता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लाज वाटली, भीती वाटली आणि मग कुठून कोण जाणे, हसूच फुटलं. त्या एवढ्या हसल्या की खाली दगडावर बसल्या. मास्तर काहीतरी समजावायला आला, पण तोही हसायला लागला.

त्यांनी गाठ पुन्हा बांधली. मग आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर तरी गप्प उभ्या राहिल्या. ‘बघ गं नीट.’ सायलेन्सरने वाकून, सावकाश बघितली. ‘आता जा.’

अर्ध्या वाटेवर ताई अडकल्या. गाल खडकाला चिकटलेला, पायाखालचं काही दिसेना. ‘उजवा पाय वर घ्या,’ खालून आवाज आला. ‘अजून. थोडा डावीकडे. तिथे खाच आहे.’ ताईंनी न बघता पाय टाकला. खाच होती. माथ्याला हात लागला तेव्हा काका ओरडले, ‘आता दोन्ही हात सोडा, दोरावर बसा!’ ताईंनी डोळे मिटले, हात सोडले आणि मागे रेलल्या. दोर ताणला आणि तिथेच थांबला. वाऱ्यात लोंबकळत त्या अशा आनंदाने ओरडल्या की खाली साहेबांच्या हातातला चहा सांडला.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर एकच कागद उरला होता, लांबूचा. त्याचं घर खरंच लांब होतं; तेवढ्यावर सही झाली. दहा वाजता नऊ मजली इमारतीतून फोन आला. गाडीत ताईंनी कामं वाटून दिली. ‘शाफ्टमध्ये सायलेन्सर. मास्तर, तू वर मोटरपाशी.’

‘आणि तुम्ही?’ मास्तरने विचारलं.

‘मी दारात.’

पाऊण तास ताई दारात उभ्या होत्या. बावीस वर्षांतला सगळ्यात लांब पाऊण तास. खालून खटखट ऐकू यायची, त्यांची बोटं आपोआप हलायची. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी केबिन हलकेच वर आली आणि दार उघडलं.

जिन्याच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन ताटकळले होते. आत पाऊल टाकताना म्हणाले, ‘बाई, जादू आहे बरं तुमच्या हातात.’

‘मी बोटसुद्धा लावलं नाही, आजोबा,’ ताई म्हणाल्या. शाफ्टमधून निघून, तेलाने माखलेली, जिन्याने वर येणाऱ्या मुलीकडे त्यांनी अभिमानाने बोट दाखवलं. ‘हिने केली.’